पाळीपूर्वीचे मनाचे दुखणे : ओळख, नोंद आणि उपचार

तथागत भगवान बुद्धांनी मानवी दुःखाचा विचार केला, तो केवळ वृद्धत्व, आजार आणि मृत्यू एवढ्यापुरता केला नाही. संयुत्त निकायात मातुगाम संयुत्त नावाचा एक भाग आहे. मातुगाम म्हणजे स्त्रीवर्ग. पुरुषाच्या वाट्याला न येणारी स्त्रीची पाच दुःखे भगवंतांनी त्यातील एका सुत्तात सांगितली आहेत. लहान वयात माहेर सोडून सासरी जावे लागणे, मासिक पाळी, गर्भधारणा, प्रसूती आणि पुरुषाची सेवाचाकरी करावी लागणे, ही ती पाच दुःखे होत. पाळीला विटाळ न म्हणता येथे दुःख म्हटले आहे, ही गोष्ट लहान नव्हे. विनयपिटकातही भिक्खुणींना पाळीच्या दिवसांत वापरण्यासाठी वस्त्राची सोय आहे, आणि एकीची गरज संपल्यावर ते दुसरीला मिळावे असा नियमही आहे. विटाळ मानला की बाईला दूर बसवले जाते. दुःख मानले की त्याचे कारण शोधावे लागते आणि ते दूर करण्याचा मार्गही शोधावा लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून आपल्यापैकी अनेक घरांनी शिवाशिव, कावळा शिवणे, चार दिवस बाजूला बसणे या गोष्टी सोडून दिल्या. परंतु विटाळ गेला तरी पाळीविषयीचा अबोला मात्र राहिला. पोटदुखीबद्दल मुलगी आईशी कसेबसे बोलते. पाळी येण्याच्या आधी काही स्त्रियांच्या मनाची जी अवस्था होते तिच्याबद्दल मात्र कोणीच कोणाशी बोलत नाही. या लेखाचा विषय तोच आहे. प्रस्तुत लेखिका डॉक्टर नाही. उपलब्ध झालेली माहिती आपल्या उपासिका भगिनींना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना सोप्या भाषेत सांगावी, एवढाच येथे हेतू आहे.

हा आजार म्हणजे काय?

पाळी येण्यापूर्वी थोडे अंग जड होणे, छाती दुखणे, कंबर धरणे, किरकोळ चिडचिड होणे हे बहुसंख्य स्त्रियांच्या अनुभवाचे आहे. तो आजार नव्हे. त्रास थोडा अधिक असेल तर त्याला पाळीपूर्व लक्षणसमूह म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला पीएमएस या नावाने ओळखतात. परंतु थोड्या स्त्रियांमध्ये हा त्रास मुख्यतः मनाचा असतो आणि तो इतका तीव्र असतो की घर, नोकरी, शिक्षण, नाती सर्व विस्कटून जाते. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजेच पीएमडीडी, असे नाव आहे. आपण त्याला पाळीपूर्वीचा तीव्र मनोविकार म्हणू.

या आजाराची लक्षणे अकरा मानली आहेत. त्यातील चार मनाची मुख्य लक्षणे आहेत. पहिले, मनाचे एकाएकी चढउतार होणे, क्षुल्लक कारणाने रडू कोसळणे. दुसरे, अनावर राग आणि चिडचिड. तिसरे, खोल उदासी, आपण कुचकामी आहोत, आता काही चांगले होणार नाही असे वाटणे. चौथे, भीती, धडधड, सतत ताण. उरलेली सात लक्षणे अशी : कशातच रस न वाटणे, कामात लक्ष न लागणे, गळून गेल्यासारखे होणे, भूक फार वाढणे किंवा एखाद्याच पदार्थाची हाव सुटणे, झोप न लागणे किंवा फार लागणे, सर्व काही आपल्या आवाक्याबाहेर गेले असे वाटणे, आणि छाती दुखणे, पोट फुगणे, सांधे दुखणे अशी शारीरिक लक्षणे. यांपैकी किमान पाच लक्षणे असावीत, त्यात मुख्य चारांपैकी किमान एक असावे, आणि त्यामुळे रोजच्या जीवनात खरीखुरी अडचण येत असावी, अशी अट आहे.

पण याहून महत्त्वाची खूण आहे ती वेळेची. ही लक्षणे पाळीच्या आधीच्या आठवड्यात दिसतात, पाळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत ओसरतात आणि पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी होतात. वर्षभरातील बहुतेक पाळ्यांत असेच घडते. पाळी सुरू होण्याच्या वयापूर्वी, गरोदरपणात आणि पाळी कायमची गेल्यावर हा आजार नसतो. आजार ओळखायचा तो मुख्यतः या येण्याजाण्यावरून.

महिन्यातून सात दिवस धरले तरी वर्षात चौऱ्याऐंशी दिवस होतात. जी स्त्री वर्षातील चौऱ्याऐंशी दिवस अशा अवस्थेत काढते, तिला उरलेल्या दिवसांत बिघडलेले सावरत बसावे लागते. मुलांवर हात उगारल्याची खंत, नवऱ्याशी झालेले भांडण, कामावर झालेल्या चुका हे सर्व निस्तरेपर्यंत पुढची पाळी जवळ येते.

किती स्त्रियांना हा आजार असतो? ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२४ साली काढलेला निष्कर्ष असा की, रोजच्या नोंदींवरून खात्री करून घेतली तर हे प्रमाण शेकडा सुमारे १.६ इतके येते. म्हणजे एखाद्या वस्तीत पाळीच्या वयाच्या पाचशे स्त्रिया असतील तर त्यांतील सुमारे आठ जणींना हा आजार असू शकतो. या आठ जणी कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. कोणी त्यांना तापट म्हणते, कोणी आळशी म्हणते. कोणाच्या बाबतीत, "तिला बाहेरचे आहे," असे सांगून देवऋषीकडे नेले जाते.

दुर्लक्ष केल्याचा धोका

हा प्रश्न केवळ घरातील कुरबुरीचा नाही. स्वीडनमधील पाळीपूर्व विकाराचे निदान झालेल्या ६७ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात या स्त्रियांचे एकूण मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले आढळले नाही. परंतु आत्महत्येने झालेल्या मृत्यूचे प्रमाण मात्र इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट आढळले. ज्या आजारावर उपचार आहेत त्या आजारापायी जीव जावा, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून एखादी भगिनी दर महिन्याला ठराविक दिवसांत "मला जगणे नको झाले" असे बोलत असेल, तर चार दिवसांनी ती हसतखेळत दिसते म्हणून ते बोलणे सोडून देऊ नये. त्याच वेळी तिच्याजवळ बसावे, तिला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही आपल्या भाषेत बोलता येते.

शास्त्राची वाटचाल

हा आजार नव्याने निघालेले खूळ आहे असे काहींना वाटते. वस्तुतः न्यूयॉर्क येथील डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ सालीच पाळीपूर्व ताणाचे वर्णन करून त्याचा संबंध अंडाशयातील संप्रेरकांशी, म्हणजे हार्मोन्सशी, जोडला होता. इंग्लंडमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी १९५३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या विषयावर लेख लिहिला आणि पाळीपूर्व लक्षणसमूह हे नाव रूढ केले. डाल्टनबाईंनी पुढे आयुष्यभर या स्त्रियांची बाजू मांडली. त्या प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देऊन उपचार करीत. १९९० साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र प्रोजेस्टेरॉनचा निरुपयोगी गोळीपेक्षा अधिक गुण दिसला नाही. स्त्रियांचे दुःख खरे होते, उपाय मात्र चुकीचा ठरला. शास्त्र असेच पुढे जाते.

मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरण ग्रंथात हा आजार १९८७ साली वेगळ्या नावाने परिशिष्टात आला. १९९४ साली त्याला आजचे नाव मिळाले, तरी स्थान परिशिष्टातच राहिले. मुख्य यादीत त्याला २०१३ साली जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. म्हणजे १९३१ ते २०१३ अशी ब्याऐंशी वर्षे या दुखण्याला पूर्ण मान्यता मिळायला लागली.

हा विलंब केवळ पुरुषांच्या उदासीनतेमुळे झाला असे म्हणता येणार नाही. स्त्रीमुक्तीच्या अनेक कार्यकर्त्यांचाही या नावाला विरोध होता. अशा निदानामुळे सर्वच स्त्रिया महिन्यातून एकदा बिघडतात, त्यांच्यावर जबाबदारीचे काम सोपवता येत नाही, असे म्हणायला आयते निमित्त मिळेल अशी त्यांना भीती होती. ती भीती निराधार नव्हती. आजही एखादी बाई हक्काचे बोलली की "पाळी जवळ आली वाटते" असा टोमणा मारणारे कमी नाहीत. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यावरचा राग हा आजार नव्हे, मजुरी बुडवणाऱ्या मुकादमावरचा रागही आजार नव्हे. ज्या रागाला कारण आहे तो पाळी आल्यावर मावळत नाही. महिनाभर राहतो, आणि राहावाच. म्हणूनच आजार कोणता आणि रास्त तक्रार कोणती, हे ठरवण्याचे साधन हाताशी हवे. ते कोणते, हे पुढे येईलच.

कारण काय?

पुढची पाळी येण्यापूर्वी साधारण चौदा दिवस आधी अंडाशयातून बीज बाहेर पडते. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि पाळी जवळ आली की ते झपाट्याने उतरते. या स्त्रियांच्या शरीरात संप्रेरके कमीजास्त होत असतील असे पूर्वी समजले जाई. रक्ताची तपासणी केली तर तसे दिसत नाही. त्यांच्या रक्तातील संप्रेरके इतर स्त्रियांइतकीच असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीव्र पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांच्या अंडाशयाचे काम त्यांनी औषधाने तात्पुरते थांबवले. ज्या स्त्रियांना त्यामुळे आराम पडला, त्यांना नंतर संप्रेरके बाहेरून दिली, तेव्हा लक्षणे परत आली. मात्र ज्या स्त्रियांना मुळात असा त्रास नव्हता, त्यांना तेच औषध आणि तीच संप्रेरके दिली तरी काहीही झाले नाही. यावरून असे दिसले की दोष संप्रेरकांच्या प्रमाणात नाही. त्यांच्या नेहमीच्या चढउताराला या स्त्रियांचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. २०१७ साली त्याच देशातील संशोधकांना या स्त्रियांच्या पेशींमध्ये, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका समूहाचे काम वेगळ्या रीतीने चालत असल्याचे आढळले. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या अॅलोप्रेग्नॅनोलोन या द्रव्याचा मेंदूवर होणारा परिणाम हाही संशोधनाचा विषय आहे. इतर स्त्रियांना शांत करणारे हे द्रव्य या स्त्रियांना उलट अस्वस्थ करते, असे दिसते.

सामान्य वाचकाने यातून एवढेच लक्षात घ्यावे की हा स्वभावाचा दोष नाही, संस्काराचा दोष नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही आणि कोणी केलेली करणीही नाही. जे घडते ते कारणाने घडते, ही भगवंतांची शिकवण आहे. येथे कारण शरीरात आहे.

निदानाचे साधन : रोजची नोंद

हा आजार रक्ताच्या तपासणीत किंवा सोनोग्राफीत दिसत नाही. निदान होते ते दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदींवरून. आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण त्रासाचे दिवस आठवतात आणि बरे दिवस विसरले जातात. भारतातील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२१ साली घेतला गेला, त्यात या आजाराचे प्रमाण शेकडा ८ आले. वर सांगितलेल्या १.६ पेक्षा ते कितीतरी जास्त आहे. अनेक पाहण्यांत मुलींकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतलेली असते, हे या तफावतीचे एक मोठे कारण आहे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे लगेच पटते. दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहिला तरच मेळ बसतो. महिन्याअखेरीस आठवून लिहिलेला हिशेब कोणी मान्य करीत नाही.

नोंद ठेवण्याची रीत सोपी आहे. शाळेची एक वही घ्यावी. पानावर तारखा लिहून पुढे आठ रकाने आखावेत : राग, उदासी, भीती व ताण, रडू व मनाचे चढउतार, कामातील लक्ष, झोप, भूक आणि शरीराचे दुखणे. रोज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक रकान्यात १ ते ६ पैकी एक आकडा टाकावा. १ म्हणजे मुळीच त्रास नाही, ६ म्हणजे अतिशय त्रास. पाळीच्या दिवसांवर फुली मारावी. शेवटी एक रकाना घटनेचा ठेवावा. घरात आजारपण, परीक्षा, भांडण असे काही त्या दिवशी घडले असेल तर तेथे दोन शब्द लिहावेत. लिहिता न येणाऱ्या भगिनीसाठी मुलीने किंवा शेजारणीने विचारून आकडे टाकावेत. वही जमत नसेल तर भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहितो, तिच्यावर रोज एक आकडा टाकला तरी डॉक्टरांना काही कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा पाळी महिन्याच्या २८ तारखेला आली. ८ पासून १७ पर्यंत आकडे १ आणि २ आहेत. २० तारखेला ते ४ वर गेले, २५ ला ५ आणि २७ ला ६ झाले. ३० तारखेला ते पुन्हा २ वर आले. पुढच्या महिन्यातही असेच घडले. असे असेल तर पीएमडीडीची शक्यता मोठी आहे. दुसऱ्या स्त्रीच्या वहीत महिनाभर आकडे ४ आहेत आणि पाळीपूर्वी ते ६ होतात. येथे मूळचा दुसरा आजार, उदाहरणार्थ नैराश्य, असून पाळीपूर्वी तो वाढतो आहे असे समजावे. तिचा उपचार वेगळा असतो. तिसरीच्या वहीत वाढलेले आकडे पाळीशी जुळतच नाहीत, घटनेच्या रकान्याशी जुळतात. तिला गोळीपेक्षा घरातील परिस्थिती बदलण्याची गरज आहे. रास्त तक्रार आणि आजार यांतला फरक दाखवणारे साधन ते हेच.

या वहीचा आणखी एक लाभ आहे. स्त्री तोंडाने सांगते ते कोणी मनावर घेत नाही. दोन महिन्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली तर ती त्यांना बाजूला सारता येत नाही. वहीबरोबर रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, कारण पंडुरोग आणि थायरॉईडचे विकार यांतही थकवा आणि उदासी येते.

उपचार

या आजारावर गुणकारी उपचार आहेत. एसएसआरआय या गटातील औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्झेटीन आणि सर्ट्रालीन, ही पहिल्या पसंतीची समजली जातात. फ्लुओक्झेटीनची या आजारावरील मोठी चाचणी कॅनडात होऊन १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि २००० साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. नेहमीच्या नैराश्यात या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पाळीपूर्वीच्या विकारात तो बहुधा काही दिवसांतच दिसतो. त्यामुळे अनेक स्त्रियांना ती पाळीपूर्वीचे सुमारे चौदा दिवसच घेऊन चालतात, तर काहींना रोज घ्यावी लागतात. मळमळ, झोपेत बदल, कामेच्छा कमी होणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय काही मनोविकारांत हे औषध एकटे दिल्यास त्रास वाढतो. म्हणून शेजारणीची गोळी किंवा दुकानदाराने दिलेली गोळी घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

दुसरा उपचार म्हणजे अंडाशयाचे चक्र थांबवणाऱ्या काही विशिष्ट संप्रेरकांच्या गोळ्या. रक्तदाब, अर्धशिशी, रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असल्यास त्या चालत नाहीत, म्हणून आधी तपासणी हवी. विचार आणि वागणूक यांवर आधारित मानसोपचारानेही अनेकींना मदत होते. साध्या पाळीपूर्व त्रासात कॅल्शियमचा उपयोग होतो, असे १९९८ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत दिसले आहे. नियमित चालणे, पुरेशी झोप आणि वेळेवर जेवण यांची जोड असावी. विपश्यना किंवा आनापान करणाऱ्या भगिनींना मनातील लाट येताना ओळखता येते, हा लाभ आहेच. मात्र ध्यान हे औषधाच्या ऐवजी नव्हे, औषधाच्या जोडीला करावे.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पाळीची कोणतीही तक्रार असली की "पिशवी काढून टाका" असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने समिती नेमली. तेव्हा पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीपूर्वीच्या मनोविकाराचे मूळ गर्भाशयात नाही. गर्भाशय काढले आणि अंडाशय तसेच राहिले, तर रक्तस्राव थांबतो पण मनाचे चक्र चालूच राहते. उलट ते ओळखायची खूण असलेली पाळीच नाहीशी होते. अंडाशयासह शस्त्रक्रिया हा उपाय क्वचित, इतर सर्व उपाय थकल्यावर आणि त्याची पूर्वपरीक्षा औषधाने करून पाहिल्यावरच विचारात घेतला जातो. त्यामुळे घाईने शस्त्रक्रियेला संमती देऊ नये.

आपल्यापुढील कार्य

डॉ. बाबासाहेबांनी १९५६ साली नभोवाणीवरील भाषणात बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो हे सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता या तीन तत्त्वांचा उल्लेख केला होता. या प्रश्नालाही तीच तीन तत्त्वे लागू पडतात.

प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेऐवजी समज. दर महिन्याला ठराविक दिवसांत "अंगात येते" म्हणून ज्या बाईला अंगारे-धुपारे केले जातात, तिच्या घरात कोणी तारखा लिहून पाहिल्या आहेत काय? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रज्ञेचा दुसरा भाग म्हणजे संशोधन. अमेरिकेत १९७७ पासून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जाई, आणि शासकीय खर्चाच्या संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला तो १९९३ साली. आपल्या देशात तर रोजच्या नोंदींवर आधारलेल्या, खेड्यातील आणि कष्टकरी स्त्रियांच्या पाहण्या फारच थोड्या आहेत. वैद्यकीय, मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय प्रबंधासाठी घ्यावा. आपल्या वस्त्यांतील स्त्रियांचे दुःख आकड्यांत मांडले गेले तरच शासनापुढे मागणी ठेवता येईल.

करुणा म्हणजे कीव नव्हे. त्या दिवसांत सासूने किंवा जावेने स्वयंपाकाचा भार उचलणे, नवऱ्याने मुलांना सांभाळणे, वादाचा विषय आठवडाभर पुढे ढकलणे, डॉक्टरांकडे सोबत जाणे ही करुणा होय. आणि त्याच आठवड्यात तिने केलेली रास्त मागणी पाळीच्या नावाखाली उडवून न लावणे हीही करुणाच.

समता म्हणजे हा उपचार सर्वांना मिळणे. माझ्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रीला रजा टाकता येते, खाजगी डॉक्टरांची फी देता येते. धुणीभांडी करणाऱ्या, सफाईच्या कंत्राटावर असलेल्या किंवा फडावर ऊस तोडणाऱ्या भगिनीचा एक दिवस गेला की मजुरी जाते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, तो याच जाणिवेतून. बिहार शासनाने १९९२ सालापासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन दिवसांची विशेष रजा दिली. परंतु रजा म्हणजे उपचार नव्हे. मासिक पाळीसंबंधीच्या शासकीय योजनांचा भर मुख्यतः सॅनिटरी नॅपकिनवर राहिला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि स्त्रीरोग विभाग यांनी या स्त्रियांची तपासणी मिळून करावी आणि आशा कार्यकर्तींना या आजाराची ओळख करून द्यावी, अशी मागणी आपल्या संस्थांनी निवेदनाद्वारे करता येईल.

शेवटी आपल्या मंडळाच्या महिला शाखेपुढे एक सूचना ठेवते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारात रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते आणि त्याला स्त्रियांचीच उपस्थिती अधिक असते. वर्षावास तीन महिन्यांचा. निदानाला लागणाऱ्या नोंदी दोन महिन्यांच्या. वर्षावासाच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वाचन संपल्यावर एखाद्या डॉक्टर भगिनीला बोलावून ही वही कशी लिहावी ते सर्वांना शिकवावे आणि इच्छुक भगिनींना व मोठ्या मुलींना एकेक वही द्यावी. वही प्रत्येकीने स्वतःजवळच ठेवावी, ती कोणी मागू नये, सभेत वाचू नये. आश्विन पौर्णिमेपूर्वी पुन्हा डॉक्टरांना बोलावून जिला हवे तिने एकांतात वही दाखवावी. यासाठी खर्च तो काही वह्यांचा.

त्यातून पाच-सहा जणींना आपल्या दुखण्याचे नाव कळले आणि त्यांतील एकीचा जरी जीव वाचला, तरी तो वर्षावास सार्थकी लागला असे म्हणता येईल. स्त्रीच्या ज्या दुःखाचा उच्चार भगवंतांनी भिक्खूंसमोर केला, त्याविषयी त्यांच्या उपासक-उपासिकांनी मौन बाळगणे योग्य नव्हे.

नमो बुद्धाय! जयभीम!